गळ्यातली पाटी

पाटी आजही तिच्याच गळ्यात होती, आणि मोठ्या मॅडम वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

दुसरीचा वर्ग धडपडत उठला. सगळ्यांनी सूर लावून गुड मॉर्निंग म्हटलं. तिचे ओठ तेवढे मिटलेले राहिले. 

पाटी म्हणजे पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, की मी इंग्रजी बोलत नाही. शाळेत कुणी घरच्या भाषेत बोललं की ती त्याच्या गळ्यात पडायची. सुटायचा मार्ग एकच. दुसऱ्या कुणाला तरी बोलताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याने ती मिरवत घरी जायचं. ही सगळी अक्कल मोठ्या मॅडमची. त्यामुळे पोरं इंग्रजी किती शिकली देव जाणे, एकमेकांवर पाळत ठेवायला मात्र झकास शिकली. मधल्या सुट्टीत दोघी कुजबुजायला लागल्या, की तिसरी कान टवकारून हजर.

वर्गाच्या बाईंच्या हे पहिल्या दिवसापासून डोक्यात जायचं. एकदा त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मॅडमनी त्यांना पोरांसमोरच ऐकवलं, की या वर्गात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा नियम लागू आहे, इथे कुणाचे लाड नाहीत. बाईंनी मग भांडण सोडलं आणि आपला रस्ता धरला. पुस्तक मिटून त्या रोजच्या वापरातलं इंग्रजी खेळातून शिकवायला लागल्या. खोटं खोटं दुकान मांडून 'हिअर यू आर'. पाण्याच्या नळाशी 'इट्स युवर टर्न'. दोघांच्या मधून जायचं तर 'एक्सक्यूज मी'. पोरं अशी रंगायची की घंटा झालेली त्यांना कळायची नाही.

ही मुलगी सगळं खेळायची, पण बोलायची नाही. दुकानात वस्तू द्यायची, नळाशी दुसऱ्याला जागा करून द्यायची, तोंडातून मात्र ब्र काढायची नाही. महिन्यापूर्वी नळाशी तिचा पाय घसरला आणि 'आई गं' निघून गेलं. तेव्हापासून पाटी तिच्याकडे मुक्कामाला होती. वर्गाने तिचं नावच पाटीवाली ठेवलं. दोरी मानेला काचते म्हणून तिच्या आईने दोरीवर मऊ फडकं शिवून दिलं होतं.

मॅडमचा निकाल ठरलेला होता. आज एक तरी इंग्रजी वाक्य बोलली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून शिशुवर्गात, छोट्यांच्या मांडीला मांडी लावून. बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं, की मुलीला सगळं समजतं, तिला थोडा वेळ द्या. पण मॅडमना वेळ नव्हता.

त्या तिच्या बाकापाशी आल्या. नाव विचारलं. वय विचारलं. घरी कोण कोण असतं, तेही विचारलं. मुलगी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. ती घाबरलेली नव्हती, आणि मॅडमना तेच खुपत होतं. शेवटी चित्रं दाखवून विचारावं म्हणून त्या भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाकडे वळल्या. त्या कपाटाचं दार बोटं चेंगरायचं. दुसरीतलं शेंबडं पोरसुद्धा ते पट्टी घालून उघडायचं. बाई सांगायला पुढे झाल्या, पण मॅडमनी त्यांना हातानेच गप्प केलं आणि दार खस्सकन ओढलं.

"आई गं! मेले!"

मॅडम बोट मुठीत धरून कळवळल्या. 

पाटीवाली उठली. तिने पाटी डोक्यावरून काढली, दोरीचा गुंता सोडवला आणि बाकांमधून चालत पुढे आली.

"एक्सक्यूज मी, मॅडम," ती म्हणाली. "इट्स युवर टर्न." मग तिने पाटी दोन्ही हातांनी पुढे धरली. "हिअर यू आर."

शब्द इतके स्वच्छ होते की बाईंचे डोळे भरून आले.

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. ही पोर आवरा, असं ती नजर सांगत होती. आवरली नाही तर आपली नोकरी राहत नाही, हे बाईंना लख्ख कळत होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्ही एक वाक्य मागितलं होतं, मॅडम. तिने तीन दिली," त्या म्हणाल्या. नियमाला धरून, इंग्रजीतच. "आणि नियम वर्गात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आहे."

मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. त्यांना जे सुचत होतं ते इंग्रजीत येईना.

तेवढ्यात पाटीवालीच्या बाकावरच्या मैत्रिणीला राहवलं नाही. घरच्याच भाषेत ती बोलून गेली, "अगं, आम्ही सगळे तर रोज तुझ्यासमोर असंच बोलतो. मग आम्हाला का नाही दिलीस कधी?"

बोलल्यावर तिने जीभ चावली. आता काय, नियम तो नियम. पाटी घ्यायला ती मान पुढे करून उभी राहिली.

पाटीवालीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिचे हात मॅडमपुढे तसेच होते. महिनाभर तिला जसं काही ऐकू आलं नव्हतं, तसं ते आत्ताही आलं नाही.