बसण्याची व्यवस्था

दोघी आजही एकाच बाकावर बसल्या होत्या. अधीक्षकांनी जिन्यावरूनच पाहिलं आणि ते भराभर खाली उतरले.

कोर्टात न्याय द्यायचा तो न्यायाधीशांनी. बाकी पंखे, पाणी, संडासाची किल्ली आणि कोणी कुठे बसायचं, हे सगळं अधीक्षकांच्या गळ्यात. मागे एका निकालाला दोन्हीकडची माणसं व्हरांड्यातच एकमेकांच्या उरावर बसली होती आणि बोलणी खावी लागली ती अधीक्षकांना. आज खुनाच्या खटल्याचा निकाल होता. बाकावरची चष्मेवाली मेलेल्या मुलाची आई होती. शेजारची काठीवाली आरोपीची.

काठीवालीला जिना चढवत नसे, म्हणून ती प्रत्येक तारखेला खालीच थांबायची. चष्मेवालीला वर बसून तेच तेच ऐकवत नसे, म्हणून तीही खाली यायची. गुडघे, न लागणारी झोप, एकमेकींच्या डब्यातला घास, अशी गट्टी जमत गेली. कोण कोणाची, हे अधीक्षकांनी मुद्दामच कोणाला बोलू दिलं नव्हतं. शिपायालाही दम भरला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज मात्र ती उघडणार होती. पहिल्याच तारखेला दोघींना लांब बसवलं असतं तर ही वेळ आली नसती, असं वाटून त्यांना स्वतःचीच चीड आली.

काठीवाली तोंडावर पाणी मारायला उठली. तेवढ्यात ते चष्मेवालीजवळ गेले.

"मावशी, वर चला. तुमचे दीर, लेकी, जावई, सगळे आलेत. पुढची जागा धरून ठेवलीय मी."

"इथंच बरी आहे मी."

"ऐका माझं. तुम्ही कोणाशेजारी बसता, तुम्हाला कल्पना नाही."

"त्याची आई आहे ती," चष्मेवाली शांतपणे म्हणाली. "बोलता बोलता पोराचं नाव सांगून गेली, लई आधी. ते नाव मी विसरेन होय? मी कोण ते तिला ठाऊक नाही. सांगूही नका."

अधीक्षकांच्या मनात भलतंच आलं. सुडाने पेटलेली माणसं त्यांनी याच व्हरांड्यात पुष्कळ पाहिली होती. निकाल लागताना त्या बाईचं तोंड हिला जवळून बघायचं असणार, दुसरं काय. हिच्यावर रागवायचं तरी कसं, तेही त्यांना कळेना.

वर खटल्याचा पुकारा झाला. काठी टेकत ती दुसरी परत येताना दिसली.

"मावशी, उठा आता," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आज त्याला शिक्षा झाली तर..."

"व्हायलाच पाहिजे." चष्मेवालीने सरकून बाकावर जागा केली. "माझं पोर गेल्याचं कळलं, तेव्हा मला धरायला सगळं घर होतं. हिच्याबरोबर कोण आलंय, सांगा."