रजेतले प्रवासाचे दिवस

"आई सिरियस, ताबडतोब पाठवा" असा अर्ज वैजयंतानं चौथ्यांदा केला, तेव्हा पलटणीच्या कारकुनाचा फोन आला.

"वहिनी, मागच्या तिन्ही वेळा आई ठणठणीत होती."

"तेव्हा खोटंच लिहिलं होतं. सगळ्याच बायका लिहितात. या वेळी डॉक्टरांनी उद्याचीसुद्धा खात्री दिलेली नाही."

तिचा नवरा, हवालदार दत्ताजी शेडगे, साडेचार वर्षं समुद्रापारच्या तळावर तैनात होता आणि तेवढीच वर्षं घरातून हलला नव्हता. एवढी माणसं परदेशात ठेवणं सरकारला झेपेना, म्हणून तिकडे यंत्रं पहारा देत आणि ती चालवणारे जवान आपापल्या घरातल्या कुलूपबंद खोलीत बसत. आत बाहेरचा आवाज जात नसे. ताट भिंतीतल्या खणातून सरकवायचं. पोलादी दाराचं कुलूप मात्र पलटणच उघडणार.

"अहो, ते दार माझ्या स्वयंपाकघरात आहे! उघडा आणि चार पावलं येऊ द्या त्यांना!"

"पोस्टिंग परदेशातलं आहे, वहिनी. नियमही परदेशाचेच." कारकून जरा नरमला. "दहा दिवस रजा मंजूर करतो. त्यातले जायचे-यायचे तीन-तीन दिवस प्रवासाचे. दार तीन दिवसांनी उघडेल."

"कसला डोंबलाचा प्रवास?" ती ओरडली. पण फोन बंद झाला होता.

तिनं सासूची खाट ओढत नेऊन त्या दाराला टेकवली. म्हातारीनं डोळे किलकिले केले.

"दत्ता निघाला का गं?"

"निघालेत, आत्याबाई."

"कुठवर आला?"

वैजयंतानं दातओठ खात दाराकडे पाहिलं.

"बोटीत बसलेत," ती म्हणाली.