तळ्यावरची भोकं

“थांबा, मावशी! आधी ती पहार खाली ठेवा.”

अग्राफेनाने पहार खाली ठेवली नाही. तळ्यावरच्या बर्फात तिने सकाळपासून तीन भोकं पाडली होती, चौथं अर्ध्यावर होतं. वालेरी साहेब धापा टाकत जवळ आला. अभयारण्याचा हा नवा निरीक्षक सप्टेंबरात शहरातून आला होता. टोपीवरचा बिल्ला अजून चकचकीत होता.

“अहो साहेब, ओब नदी मेलीय,” ती म्हणाली. “दर हिवाळ्यात मरते. दलदलीचं तांबडं पाणी बर्फाखाली भरतं, माशांना श्वास घेता येत नाही. मग सगळे ह्या तळ्यात येतात, इथे खाली झरा आहे म्हणून. पण वर भोकं नसली तर इथेही गुदमरतील.”

“आणि तुम्ही टोपली घेऊन बसणार!”

“बसणार तर! चुलीपुरते घेणार. माझ्या आजीनेही घेतले, तिच्या आजीनेही घेतले. संपले का मासे?”

वालेरी हसला. “निसर्गाला स्वतःचं बघता येतं, मावशी. माणसाने मध्ये लुडबुड करायची नाही, हाच तर नियम आहे.”

आम्ही ओबकाठची खांटी जमातीची माणसं हट्टी खरी, पण अग्राफेनाने त्या दिवशी स्वतःच्याच पोटावर पाय दिला. “बरं बाबा, एकही मासा घेत नाही. टोपली ठेव तुझ्याकडे. नुसती भोकं उघडी ठेवू दे. रोज बर्फ धरतो, रोज फोडावा लागतो.”

वालेरीने नियमांचं पुस्तक उघडलं. मासे पकडायला भोक पाडायचं तर परवाना हवा, असं त्यात होतं. मासे न पकडता भोक पाडणाऱ्याबद्दल काहीच नव्हतं.

“मासे नकोत आणि भोक हवं? हे तर जास्तच संशयास्पद,” तो म्हणाला, आणि त्याने पहार जप्त केली.

माणूस कामचुकार नव्हता हो, तेच तर आमचं दुर्दैव. उणे चाळीसच्या थंडीत तो रोज तळ्यावर गस्त घालायचा. दर सोमवारी वर कळवायचा: भोकं शून्य, चोरी शून्य, मासे सुरक्षित. वरून शाबासकी यायची. अग्राफेनाही रोज यायची, बर्फाला कान लावून खालच्या माशांची चाहूल घ्यायची आणि घरी जायची. मार्चमधे एक दिवस ती आली नाही. नंतरही आली नाही.

मेमधे बर्फ फुटला, तरी तळं पांढरंच राहिलं. बर्फाच्या जागी आता माशांची पोटं वर आली होती. वास पार पलीकडच्या गावापर्यंत गेला. घरातलं माणूस गेल्यासारखी अग्राफेना काठावर बसून मोठ्याने रडली. तिला गप्प करायला कुणी गेलं नाही, कारण आम्ही सगळेच रडत होतो.

मग तज्ज्ञांची समिती आली. समितीने बाटल्यांत पाणी भरलं, नकाशे काढले, आमचं रेनडिअरचं मटण मनसोक्त चापलं आणि जूनमधे अहवाल पाठवला.

तो घेऊन वालेरी अग्राफेनाच्या दारात आला आणि उभ्याउभ्याच वाचू लागला. भोकं उघडी असती तर मासे नक्की वाचले असते, असं समितीचं ठाम मत पडलं होतं. ही भोकं पाडणं म्हणजे स्थानिक लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. यंदाच त्यांनी आळस का केला, हे समितीला कळेना. तरी कर्तव्यात कसूर केल्याबद्दल अग्राफेना हिने आठ दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

अग्राफेनाने तो कागद त्याच्या हातातून घेतला.

“आणि हा खुलासा द्यायचा कुणाकडे?”

वालेरीने टोपी काढली.

“माझ्याकडेच.”