हात कुणाचा?

"वाजवणारा कोण?" नृत्याच्या बाईंनी कॅसेट थांबवून विचारलं.

धाकटीच्या तोंडून पटकन निघून गेलं, "माझा दादा."

खरं तर वाजवणारा कोणीच नव्हता. घरी धाकटीच्या टेबलावर तालाचं एक यंत्र होतं, कॅसेटमधले ठोके त्याचेच. एका ओळीत सोळा बटणं, प्रत्येकावर इवलासा लाल दिवा. पण बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "यंत्राच्या ठोक्यांवर माझ्या मुली पाऊल उचलणार नाहीत. याच कारणावरून मी भल्याभल्या संगीतकारांना घरी पाठवलंय." आणि धाकटीला हे काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. साबणाच्या नि बिस्किटांच्या जाहिरातींना चाली लावून ती विटली होती. अख्खा कार्यक्रम कोणी पहिल्यांदाच तिच्यावर सोपवत होतं.

"काय हात आहे हो!" बाई म्हणाल्या. "शनिवारी घेऊन या त्यांना. समोर ऐकायचंय मला."

आली का पंचाईत! दादा हॉटेलातल्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ते यंत्र घरात शिरल्यापासून त्याने धाकटीशी बोलणंच टाकलं होतं. जे काय बोलायचं ते आईमार्फत. "आई, तुझ्या लेकीला सांग, मीठ इकडे दे." मीठ धाकटीच्या हाताशी असायचं आणि आई बिचारी आतून हात पुसत यायची.

संध्याकाळी घरी धाकटीने कॅसेट लावली. दादाने वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. थोड्या वेळाने वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"हे त्या डब्यातनं निघालं?" तो चक्क तिलाच विचारत होता.

"हो."

"शक्य नाही. डबा सरळ चालतो. हा मध्येच रेंगाळतोय."

मग तिला सगळं सांगावं लागलं. यंत्राला एका फेरीत सोळाच घरं. ठोका पडला तर घरात पडणार, दोन घरांच्या फटीत पडायची सोयच नाही. म्हणून तिने वेग दुप्पट केला आणि दोन फेऱ्यांची मिळून एक केली. घरं बत्तीस झाली. आता हवा तो ठोका किंचित मागे सरकवता येत होता. ठोक्यांचा जोर मात्र यंत्राला कमी-जास्त करता येईना. मग रेकॉर्डिंग चालू असताना ती स्वतः आवाजाच्या खुंट्या पिळत बसली. बोटांना फोड आले.

दादाने डोळे बारीक केले. "आणि हा उशीर कुणाचा? डावा हात माझा आहे हा. चोरलास?"

"लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकतेय. पाठ झालाय." धाकटीने कॅसेट बंद केली. "आणि बाईंना मी तुझंच नाव सांगून बसलेय. शनिवारी बोलावलंय तुला."

दादाने घर डोक्यावर घेतलं. मग कॅसेट पुन्हा लावली. मग परत एकदा. "अगं, हे वाजवायला तीन हात लागतील!"

"तू पडद्यामागे नुसता बस. मी यंत्र पिशवीतून आणते."

"नुसता बसू? नाव माझं दिलंस ना? मग वाजवणारही मीच."

तिसऱ्या हाताची सोय म्हणून त्याने गुडघ्याला खुळखुळा बांधला. आठवडाभर त्याने सराव केला. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. "पुन्हा लाव," "इथे घर चुकलं," "थांब, परत," असं भावाबहिणीचं दिवसभर चाललेलं. निरोप पोचवायचं काम सुटल्यामुळे आईला करमेनासं झालं.

शनिवारी हॉलमध्ये ड्रम पडद्यामागे मांडले होते; गुडघ्याला खुळखुळा बांधलेला कोणी पाहू नये, असा दादाचा हट्ट. पुढ्यात माइक. पडद्यापलीकडे बाई खुर्ची टाकून बसल्या, मागे त्यांच्या नाचणाऱ्या मुली. दादाने वाजवायला घेतलं. दात आवळलेले, पाठ ताठ, ओठांवर आकडे. एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. खुळखुळासुद्धा आपल्या जागी. धाकटीचा ऊर भरून आला.

"बंद करा!" पडद्यापलीकडून आवाज आला. "मला काय दूधखुळी समजलात? यंत्र आणलंत ना शेवटी? सगळं एकसारखं, टकटक टकटक! कॅसेटमधला माणूस बसवा, नाहीतर उठा आणि घरी जा."

दादाच्या काठ्या हवेतच राहिल्या. तोंड लालबुंद. पडदा फाडून बाईंना दोन शब्द सुनवावेत म्हणून तो उठलाच. उभ्या उभ्या त्याची नजर धाकटीने अडीअडचणीला म्हणून आणलेल्या यंत्राच्या पिशवीवर गेली. तिथून धाकटीच्या चेहऱ्यावर. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

दादाच्या मिशीचं एक टोक वर गेलं.

"दे इकडे तो डबा," तो कुजबुजला.

माइकची वायर उपसून त्याने यंत्राला जोडली. ज्याला आजवर त्याने बोटही लावलं नव्हतं, त्याचं बटण त्याने स्वतः दाबलं. धाकटी खुंट्यांवर वाकली.

पलीकडे खुर्ची करकरली. कोणीही सांगितलं नसताना मुलींची पावलं जमिनीवर पडू लागली.

"हं! हा आला माणूस!" बाईंनी मांडीवर थाप मारली. "पोरींनो, हात ऐका, हात! यंत्राला सात जन्मांत जमायचं नाही हे!"

पडद्यामागे दादा दोन्ही हात खिशात घालून उभा होता.