मावशींचा हात

“अनसूयामावशी, तुमचा हात कधी खोटा ठरत नाही. वाटी उघडायच्या आधी तुम्हीच सांगा, पेढा की बर्फी?” डोहाळजेवणाला जमलेल्या बायका हसल्या.

चाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या मावशींनी फुलांच्या दागिन्यांनी सजलेल्या त्या घरच्या सुनेच्या पोटावर तळवा टेकवला. हसत टेकवलेला तळवा तिथेच थांबला. मग दुसऱ्या कुशीला सरकला.

“पोरी, बाळ कधीपासून हललं नाही?” त्यांनी तिच्या कानाशी विचारलं.

“काल दुपारपासून. सगळ्या म्हणाल्या, निजलं असेल.”

“गाडी काढा,” मावशी म्हणाल्या. “दवाखान्यात जायचंय.” गाणी थांबली. झाकलेल्या वाट्या तशाच राहिल्या.

रोज देवापुढे दिवा लावताना मावशींचं एकच मागणं असे, हाताला यश दे. सुनेला धरून उंबरा ओलांडताना त्या पुटपुटल्या, “देवा, आजच्यापुरता माझा हात खोटा पाड.”