डावीकडचा सिंह

"एसी कुठाय? तक्रार आलीय," वारसा खात्याचे साहेब बागेतूनच गरजले.

ताम्हाण्यांनी चेहरा भोळा केला. राणीच्या काळातल्या या बंगल्याचे फ्लॅट केले, तेव्हा त्यांच्या वाट्याला नाचघराचा कोपरा आला होता. रंगीत काचांची खिडकी उघडायला बंदी, भिंतीबाहेर एसी लावायलाही बंदी. मे महिन्यात बायको पापडासारखी भाजून निघायची. शेवटी त्यांनी गुपचूप एसी बसवला आणि गणपती करणाऱ्या मूर्तिकाराकडून बाहेरच्या डब्यावर सिंहाचं तोंड चढवून घेतलं. चुगली शेजारच्या पाठाऱ्यांनी केली.

साहेब वर बघतच राहिले. "हा घुरघुरतो कसा?"

"जबड्यात वारा शिरतो, साहेब. जुनी कारागिरी!"

साहेबांचे डोळे पाणावले. "अस्सल आहे! याला कुणी हात लावायचा नाही." मग पाठाऱ्यांच्या खिडकीकडे बघून त्यांचा आवाज चढला. "या बंगल्यात सगळं जोडीनं आहे. मग डावीकडचा सिंह कुठे गेला?"

"अहो, ते तोंड खोटं आहे! आतच एसी आहे!" पाठारे धावत बागेत येऊन किंचाळले.

"स्वतःचा सिंह हरवलात आणि दुसऱ्याच्या सिंहाला खोटं म्हणता? महिन्याभरात अगदी तसाच बसवा. घुरघुरणारा!"

साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली. पाठारे बराच वेळ सिंहाकडे बघत घाम पुसत उभे राहिले. मग हळूच ताम्हाण्यांजवळ सरकले.

"मूर्तिकाराचा नंबर द्या हो. आणि घुरघुरायला... दीड टनाचा पुरतो ना?"