शून्याकडे जाणारे अंतर

मध्य भारत राज्य नुकतेच स्थापन झाले होते. उज्जैनच्या कॉलेजात शिकणारा निराधार दिगंबर दर गुरुवारी नाना दात्यांकडे वार लावून जेवायला येई. जेवणाआधी नाना त्याला आणि आपल्या त्र्यंबकाला पाटीवर सीमेची, म्हणजे लिमिटची, गणिते घालीत.

"अंतर शून्याकडे न्यावे, शून्य मात्र होऊ देऊ नये," ते बजावीत. मग म्हणत, "भई वा, दिगंबर! आणि त्र्यंबका, तुझी पाटी? कोंबडीने पाय पुसलेत जणू!"

त्र्यंबक आतल्या आत जळे. वडिलांचे ते कौतुक मिळावे म्हणून त्याने दिगंबराचे अक्षर गिरवले, बसण्याची ढब उचलली, खाकरणेही उचलले.

आज दोन्ही पाट्या तंतोतंत सारख्या भरल्या. नानांनी त्र्यंबकाची पाटी उचलली.

"शाब्बास, दिगंबर!"

"नाना, मी त्र्यंबक," तो हसून म्हणाला. आवाज मात्र दिगंबराचा उमटला.

शेजारी बसलेला दिगंबर शांतपणे उठला आणि स्वयंपाकघरात त्र्यंबकाच्या जागी, आईजवळ पाट घेऊन बसला. आईने त्याच्या भातावर तूप वाढले, मग बाहेर बसलेल्या त्र्यंबकाकडे पाहून मायेने म्हटले,

"बाळ, तुझी खोली लांब आहे ना? जेवून लगेच नीघ हो."